तीस सामने, एकही विजय नाही : कॅन्सस स्टेटच्या फुटबॉलचा हिशेब

मंडळी, आधी दोन खुलासे करतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. आजचं मॅनहॅटन न्यूयॉर्कचं नाही. हे कॅन्सस राज्यातलं छोटं गाव, चहूबाजूंनी कुरणं आणि गुरं. आणि फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, लांबट चेंडूचा अमेरिकन खेळ. अकराविरुद्ध अकरा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो, नाहीतर समोरच्याला द्यावा लागतो. एवढं ध्यानात ठेवलंत की आजच्यापुरतं पुरे.

या गावात १८६३ साली शेतकी कॉलेज निघालं, तेच आजचं कॅन्सस स्टेट विद्यापीठ. शेतीशास्त्रात नाव मोठं. फुटबॉलमध्येही नाव होतंच, पण वेगळ्या कारणाने. १९८८ चा हंगाम संपला तेव्हा शतकभराच्या खेळात २९९ विजय आणि पाचशेच्या वर पराभव जमा होते. पाचशे पराभवांचा टप्पा गाठणारा वरच्या श्रेणीतला हा देशातला पहिला संघ. अशा संघाबद्दल लोक लगेच म्हणतात की पोरांत दम नव्हता, जिद्द नव्हती. मला ते पटत नाही. जिद्द प्रत्येक पिढीत होती. हरण्याचं कारण मैदानावर शोधायचंच नाही, ते कॉलेजच्या वहीत सापडतं : प्रशिक्षक किती दिवस टिकले, शिष्यवृत्त्या कोणाला दिल्या, कोण कोणत्या वर्षी शिकून बाहेर पडला, सामने कोणाशी ठरवले.

प्रशिक्षकांपासून सुरुवात करू. इथे चांगला माणूस आलाच नाही असं नाही. आलेला चांगला माणूस राहिला नाही. चार्ली बॅकमन फ्लोरिडाला गेले, बो मॅकमिलिन इंडियानाला. १९३४ साली पॅपी वॉल्डॉर्फ आले, त्यांनी लिंकनमध्ये नेब्रास्काला १९–७ असं हरवून बिग सिक्स संघटनेचं, म्हणजे दरवर्षी आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचं, विजेतेपद आणलं आणि एकाच वर्षात नॉर्थवेस्टर्नला निघून गेले. त्यानंतरचं विजेतेपद कधी? २००३ साली. मध्ये ६९ वर्षं.

चाळीसच्या दशकात तर प्रशिक्षकाची खुर्ची म्हणजे धर्मशाळा झाली. १९४० ते १९४८ या नऊ हंगामांत सहा नेमणुका, त्यात एक गृहस्थ दोनदा. युद्धाचे दिवस होते, मान्य. पण नवा माणूस आला की खेळाची पद्धत बदलते, आधीच्याने निवडलेली पोरं त्या पद्धतीत बसत नाहीत. ती बसेपर्यंत हा माणूसही जातो. १९४५ ते १९४८ दरम्यान ओळीने २८ पराभव झाले. पुढे बिल मीक यांनी १९५३ आणि १९५४ असे दोन चांगले हंगाम दिले आणि तेही ह्यूस्टनला गेले. मग डग वीव्हर सात वर्षं राहिले, त्यांच्या खात्यात ८ विजय, ६० पराभव, एक बरोबरी. म्हणजे नुसतं टिकून राहूनही भागत नाही.

शेजारी कोण होते हेही पाहा. ओक्लाहोमाने १९५३ ते १९५७ सलग ४७ सामने जिंकले. नेब्रास्का साठच्या दशकापासून देशात अव्वल. दरवर्षी या दोघांशी गाठ ठरलेली. आणि कॅन्सस राज्याची लोकसंख्या तेव्हा जेमतेम पंचवीस लाख, तीत वरच्या श्रेणीचे संघ तीन : कॅन्सस, कॅन्सस स्टेट आणि विचिटा स्टेट. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

व्हिन्स गिब्सन १९६७ ला आले. जांभळ्या रंगाचा अभिमान वगैरे घोषणा त्यांच्याच. १९६८ ला पस्तीस हजारांचं नवं स्टेडियम झालं, १९६९ ला ओक्लाहोमाला ५९–२१ असं झोडपलं. पुढच्याच वर्षी खेळाडू भरतीतल्या नियमभंगावरून संघटनेची शिक्षा आली आणि गाडी पुन्हा रुळावरून घसरली.

आता जरा थांबून पाहण्यासारखा प्रकार, १९८१–८२ चा. कॉलेजात खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात. एक वर्ष नुसता सराव करून बाहेर बसायचं याला रेडशर्ट म्हणतात. नेहमीची रीत अशी, की पहिल्या वर्षाच्या कोवळ्या पोरांना बसवायचं. ती वर्षभर व्यायामशाळेत अंग कमावतात आणि पाचव्या वर्षी तेवीस वर्षांचे तगडे गडी होऊन खेळतात. प्रशिक्षक जिम डिकी यांनी १९८१ ला वेगळाच डाव टाकला. नवख्यांना नाही, अनुभवी, हुकमी खेळाडूंना त्यांनी बाहेर बसवलं. तो हंगाम २–९ असा, म्हणजे दोन विजय, नऊ पराभव असा गेला. १९८२ ला सगळे एकदम मैदानात उतरले, सहा सामने जिंकले आणि इतिहासात पहिल्यांदा संघाला बोल, म्हणजे हंगामानंतरचा निमंत्रितांचा सामना मिळाला. श्रीव्हपोर्टच्या त्या इंडिपेंडन्स बोलमध्ये विस्कॉन्सिनने १४–३ असं हरवलं, पण गावाने दिवाळी केली.

यात चूक कुठे झाली? साठवलेलं सगळं धान्य एकाच जेवणावळीत संपलं. ती पोरं शिकून एकदमच बाहेर पडली आणि मागची फळी रिकामी. १९८३ ला ३ विजय, १९८४ लाही ३, आणि १९८५ ला हंगामाचे दोन सामने होतात न होतात तोच डिकी यांनी राजीनामा दिला. तो हंगाम १–१० असा संपला. रेडशर्ट ही दरवर्षी थोडी थोडी करायची बचत आहे. एका वर्षात करायला गेलात की ते कर्ज होतं.

पुढचे स्टॅन पॅरिश. तीन वर्षांत २ विजय, ३० पराभव, एक बरोबरी. ती बरोबरीही ऐकण्यासारखी आहे. १९८७ ला शेजारच्या कॅन्ससशी सामना होता. दोन्ही संघ इतके कंगाल की वर्तमानपत्रांनी त्याला शौचकुपाचं नाव दिलं. १७–१७ असताना शेवटच्या क्षणी कॅन्सस स्टेटला जवळून फील्ड गोल मारायची, म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून धाडून गुण मिळवायची संधी होती. चेंडू पायावरून सुटला आणि समोरच्याच्या हातावर आपटला. १९८७ चा शेवट ०–१०–१, १९८८ चा ०–११.

दरम्यान १९८६ चा हंगाम संपल्यावर विचिटा स्टेटने फुटबॉलच बंद करून टाकला होता. त्यामुळे मॅनहॅटनमध्ये 'आपणही बंद करावं का' हा प्रश्न नुसता पारावरच्या गप्पांचा राहिला नव्हता. अध्यक्ष जॉन वेफल्ड यांचा हिशेब सरळ होता : फुटबॉल गेला तर बिग एट (पूर्वीची बिग सिक्स) संघटनेतली जागा जाईल, आणि त्या जागेबरोबर विद्यापीठाची पतही. नोव्हेंबर १९८८ मध्ये आयोवाचे आक्रमण-प्रशिक्षक बिल स्नायडर यांना बोलावलं. वय ४९, आधी या पातळीवर मुख्य प्रशिक्षक कधीच नव्हते.

पहिल्या वर्षी काय बदललं? निकालात फारसं काही नाही. पहिले तिन्ही सामने हरले, त्यात नॉर्दर्न आयोवासारख्या खालच्या श्रेणीच्या संघाकडूनही, १०–८. ऑक्टोबर १९८६ नंतर विजय नाही, अशा सामन्यांची संख्या तीस झाली. मग ३० सप्टेंबर १९८९ ला नॉर्थ टेक्सासविरुद्ध घड्याळ संपता संपता कार्ल स्ट्रॉने फ्रँक हर्नांडेझकडे चेंडू फेकला, टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार, २०–१७. त्या वर्षीचा तो एकच विजय. पुढे ५, मग ७, पुन्हा ५, आणि १९९३ ला ९ विजय आणि कॉपर बोलमध्ये वायोमिंगवर ५२–१७. चढ असा होता, पायऱ्यापायऱ्यांचा, मध्ये एक पायरी खालीसुद्धा.

हे कशाने झालं? स्नायडर यांच्या सोळा उद्दिष्टांची यादी प्रसिद्ध आहे : बांधिलकी, एकजूट, स्वतःच्या चुकीने हरू नका, रोज थोडं सुधारा, अशी. भिंतीवर लावायला ठीक आहे. मला त्यांची वही जास्त महत्त्वाची वाटते.

वहीतलं पहिलं पान सामन्यांचं. संघटनेतले सात सामने तेव्हा ठरलेले, ते बदलता येत नसत. उरलेले चार आपल्या हातात. कंगाल संघ सहसा हे सामने विकतो. मोठ्या स्टेडियममध्ये जायचं, ठरलेली रक्कम घ्यायची आणि सडकून मार खायचा, म्हणजे मार खाण्याची मजुरी. स्नायडर यांनी उलट केलं. कमकुवत संघ घरी बोलवायचे. तीन-चार विजय सप्टेंबरमध्येच पदरात पडले की बोलसाठी लागणाऱ्या सहातले दोन-तीनच उरतात. टीका भरपूर झाली. पण जिंकणं माहीतच नसलेल्या पोरांना जिंकताना मैदानावर काय करायचं असतं, पुढे असताना घड्याळ कसं खायचं, हे शिकवायला दुसरी शाळा नाही.

दुसरं पान भरतीचं. कॅन्ससमध्ये दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांचं जाळं दाट आहे : कॉफीव्हिल, बटलर, हचिन्सन, गार्डन सिटी, डॉज सिटी. तिथला खेळाडू वीस वर्षांचा, अंगापिंडाने तयार, आल्या आल्या खेळतो. तोटा असा की दोनच हंगाम मिळतात. फक्त त्यांच्यावर संघ उभा केलात तर दर दोन वर्षांनी भिंत नव्याने बांधावी लागते, आणि एक तुकडी बिघडली की खिंडार. म्हणून मेळ घालावा लागतो. खाली हायस्कूलची पोरं रेडशर्ट करून मुरत ठेवायची आणि जिथे भोक पडेल तिथे ज्युनियर कॉलेजचा गडी बसवायचा. मायकल बिशप हा क्वार्टरबॅक, म्हणजे दर चालीत चेंडू हाती घेऊन तो फेकणारा किंवा दुसऱ्याला देणारा खेळाडू, असाच टेक्सासच्या ब्लिन कॉलेजातून आला, १९९७ आणि १९९८ असे दोनच हंगाम खेळला, आणि हाइझमन या देशातल्या सर्वांत मोठ्या पारितोषिकाच्या मतदानात दुसरा आला.

याच बिशपमुळे तिसरं पान समजतं. फळ्यावर मांडून बघा. नेहमीच्या धावेत क्वार्टरबॅक चेंडू दुसऱ्याच्या हातात देतो आणि बघत उभा राहतो. अकरातला एक चेंडू घेऊन पळणारा, एक प्रेक्षक. वाट मोकळी करायला उरले नऊ. समोर अडवायला अकरा. आता क्वार्टरबॅक स्वतःच पळाला तर? प्रेक्षक कमी झाला, वाट काढणारे दहा. समोरचा एक बचावपटू खोल मागे राखण करत असतो, म्हणजे पुढच्या रेषेवर दहाला दहा. जास्त गुणी खेळाडू न आणता एक माणूस फुकट मिळाला. गरीब संघाला याहून स्वस्त काय हवं? किंमत मात्र आहे : तुमचा सर्वांत मोलाचा खेळाडू दर सामन्यात वीसेक वेळा आपटला जातो. २००३ ला क्वार्टरबॅक एल रॉबर्सन मनगटाच्या दुखापतीने बाहेर बसला आणि मार्शलसारख्या संघाने मॅनहॅटनमध्ये येऊन २७–२० असं हरवलं.

असंच स्वस्तातलं दुसरं काम म्हणजे लाथेचा खेळ. चेंडू वीस यार्ड पुढून मिळाला तर आक्रमणाचं तेवढं काम वाचतं. मार्टिन ग्रामाटिकाने १९९८ ला टी, म्हणजे चेंडूखालचा टेकू, न वापरता ६५ यार्डांवरून फील्ड गोल मारला. आणि मदतनीस प्रशिक्षक : बॉब स्टूप्स, माइक स्टूप्स, जिम लेविट, ब्रेंट व्हेनेबल्स, मार्क मँजिनो. सगळे पुढे मुख्य प्रशिक्षक झाले. पूर्वी मुख्य माणूस जात असे आणि घर कोसळत असे. आता मदतनीस गेले, वासे तेवढे बदलले, खांब जागेवर राहिला.

१९९८ हा या हिशेबाचा कळस, आणि त्याच हिशेबाने घात केला. घरी बोलावलेल्या तीन पाहुण्यांना ६६–०, ७३–७, ६२–७. नेब्रास्कावर ४०–३०, तीस वर्षांत पहिल्यांदा. अकरापैकी अकरा जिंकून प्रशिक्षकांच्या क्रमवारीत संघ पहिला. ५ डिसेंबरला सेंट लुइसमध्ये टेक्सास ए अँड एमविरुद्ध संघटनेचा अंतिम सामना. शेवटच्या चतकोराच्या सुरुवातीला २७–१२ अशी आघाडी. ती गेली, सामना दुसऱ्या जादा वेळेत गेला, आणि १७ यार्ड हवे असताना त्यांच्या सर पार्कर नावाच्या खेळाडूने ३२ यार्डांचा टचडाउन केला. ३६–३३. त्याच वर्षी बीसीएस नावाची नवी क्रमवारी सुरू झाली होती, तिच्या सूत्रात प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीलाही गुण होते. शेवटी कॅन्सस स्टेट तिसरा आला, तरी चारपैकी एकाही मोठ्या बोलने बोलावलं नाही. आठव्या क्रमांकाच्या फ्लोरिडाला मात्र जागा मिळाली. बोलवाल्यांना तिकिटं खपवायची असतात, आणि त्यांच्या लेखी लहान गावातला, पाहुण्यांना झोडपून वर आलेला संघ म्हणजे बिनखपाचा माल. पुढच्या वर्षी तिसऱ्या क्रमांकाला संरक्षण देणारा नियम आला, त्याला लोक कॅन्सस स्टेटचाच नियम म्हणतात. आपल्याला न मिळालेल्या जेवणावरून पंगतीचे नियम बदलले, एवढंच समाधान.

२००३ ला पहिल्या क्रमांकाच्या ओक्लाहोमाला ३५–७ असं हरवून विजेतेपद आलं. डॅरेन स्प्रोल्स त्या दिवशी २३५ यार्ड धावला. समोरच्या बाजूला प्रशिक्षक होते बॉब स्टूप्स, या घरचेच. स्नायडर २००५ ला निवृत्त झाले, तीन वर्षांत घडी विस्कटली, २००९ ला त्यांना परत बोलावलं. २०१२ ला पुन्हा विजेतेपद, या वेळी विभागून. २०१८ ला थांबले तेव्हा खात्यात २१५ विजय होते.

त्यांच्यानंतर ख्रिस क्लायमन आले. ३ डिसेंबर २०२२ ला आर्लिंग्टनमध्ये संघटनेचा अंतिम सामना होता, समोर एकही सामना न हरलेला टीसीयू, म्हणजे टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ. जादा वेळेत टीसीयूला गोलरेषेपाशी इंचांवर अडवलं आणि टाय झेंटनरने ३१ यार्डांवरून फील्ड गोल मारला. या वेळी कोणाचा हात मध्ये आला नाही. ३१–२८. हरलेल्या टीसीयूला राष्ट्रीय विजेतेपदाच्या चौघांत तरीही जागा मिळाली. १९९८ ला असाच अंतिम सामना हरलेला संघ अलामो बोलला गेला होता आणि तिथेही पर्ड्यूकडून ३७–३४ असा हरून घरी आला होता.