आक्का आणि त्यांचा तानपुरा

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? मला दहा मिनिटं दिलीयेत आणि आक्कांबद्दल दहा मिनिटांत काय बोलणार, त्यांना स्वतःला नुसता तानपुरा लावायला अर्धा तास लागायचा. तेव्हा थोडं इकडेतिकडे झालं तर सांभाळून घ्या.

जुन्या लोकांना आठवत असेल, गणपतीचा कार्यक्रम सहाचा असला तरी आक्का साडेचारला हॉलवर हजर. आदल्या रात्री हॉस्पिटलात नर्सची नाइट ड्यूटी केलेली असली तरी. आल्या की कोट काढायचा, चहा नको म्हणायचं, हीटिंग बंद करायला लावायचं, कारण हीटरच्या कोरड्या हवेत तारा उतरतात, आणि स्टेजच्या कोपऱ्यात मांडी घालून खुंट्या पिळत बसायचं. आम्ही बाकीचे कुडकुडत खुर्च्या मांडायचो. मी तेव्हा आपल्या मंडळाचा नवीन सेक्रेटरी, अंगात भारी उत्साह, एकदा वैतागून म्हटलं, आक्का, इथे कोणाला कळतंय, करूया की चालू. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. म्हणाल्या, "पेशंटला तरी कुठे कळतं सलाईन किती थेंबांवर ठेवलंय ते, म्हणून काय कसंही सोडून द्यायचं?" त्यानंतर मी हीटिंगच्या बटणाला हात लावला नाही.

आक्का मिरजेच्या. ज्यांना मिरज म्हणजे फक्त जंक्शन आणि गाडी बदलायची जागा एवढंच माहितीय त्यांच्यासाठी सांगतो, या गावाला दोन गोष्टींचं वेड आहे, दवाखाने आणि गाणं. डॉक्टर वानलेस यांनी तिथे 1894 मध्ये मिशनचं हॉस्पिटल काढलं आणि तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून, कुठून कुठून लोक ऑपरेशनला मिरजेला येतात. आणि त्याच गावात सतारमेकर गल्ली, तिथे पिढ्यानपिढ्या तानपुरे आणि सतारी बनतात, भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय टॅग, म्हणजे ही वस्तू याच गावची अशी सरकारी मोहोर, मिळाला तेव्हा आक्कांनी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका दिवसात अकरा मेसेज टाकले होते, ज्या बाई एरवी "गुड मॉर्निंग टाकू नका रे" म्हणून ओरडायच्या.

त्यांची एक लाडकी गोष्ट होती, तुम्ही बहुतेकांनी ऐकलीय पण परत सांगतो. कुरुंदवाडचा एक मुलगा, फटाक्याने डोळे भाजले, उपचाराला मिरजेला आणला. डोळे काही नीट झाले नाहीत, पण ज्या डॉक्टर भडभड्यांकडे तो होता त्यांनी बघितलं की पोराचा गळा चांगला आहे, आणि तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेला. तो मुलगा म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्कर, ज्यांनी पुढे 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आक्का म्हणायच्या, आमच्या गावात माणूस दवाखान्यात जातो आणि गवई होऊन बाहेर येतो, माझं मेलं उलटं झालं, गाण्याच्या क्लासला जाता जाता नर्स झाले.

ते खरंच तसं होतं. वडील रेल्वेत. संध्याकाळी क्लासला जाताना वाटेत स्टेशनाबाहेर पेशंट आणि त्यांचे नातेवाईक, घोंगडी अंथरून बसलेले, कोणी कानडी बोलतंय, कोणाला विचारायचं कळत नाहीये. या त्यांना हॉस्पिटलची वाट दाखवायच्या. दाखवता दाखवता एक दिवस स्वतःच नर्सिंगचा फॉर्म घेऊन घरी आल्या. त्या काळात चांगल्या घरातली मुलगी नर्स होते म्हटल्यावर काय झालं असेल ते इथल्या ज्येष्ठ मंडळींना सांगायला नको. आजी तीन महिने बोलत नव्हती. आणि गंमत म्हणजे गाणं शिकायलाही आजीचा विरोधच होता, त्यामुळे आक्का म्हणायच्या की एका भांडणात दोन्ही कामं उरकली.

1971 मध्ये इकडे इंग्लंडला आल्या, तेविसाव्या वर्षी. "एनएचएस आणि मी एकाच वर्षी जन्मलो, 1948 ला, आणि दोघींचे गुडघे एकाच वेळी गेले", हा त्यांचा नेहमीचा जोक, एनएचएस म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा. तेव्हा इथे नर्सेसचे दोन प्रकार असायचे, तीन वर्षांच्या ट्रेनिंगचं एसआरएन आणि दोन वर्षांचं एसईएन, आणि बाहेरच्या देशांतून आलेल्या कितीतरी मुलींना नीट न सांगताच दुसऱ्यात घातलं गेलं, ज्यात पुढे बढती जवळजवळ नाहीच आणि मायदेशी परत गेलं तर त्या कागदाला फारशी किंमतही नाही. आक्का मिरजेहून शिकून आलेल्या, त्यांना एसआरएन मिळालं. पण त्यांच्या होस्टेलमधल्या एका जमैकाच्या आणि एका मलेशियाच्या मुलीला नाही मिळालं. हे त्या पन्नास वर्षं विसरल्या नाहीत. पुढे स्वतः वॉर्डच्या मुख्य सिस्टर झाल्यावर अशा मुलींच्या कन्व्हर्जन कोर्सचे, म्हणजे एसईएनवरून वरच्या दर्जाला जायच्या कोर्सचे, फॉर्म स्वतः बसून भरून घ्यायच्या, ड्यूटी संपल्यावर, कँटीनमध्ये.

आता तानपुऱ्याचं. 1978 मध्ये सुट्टीला गेल्या आणि येताना मिरजेहून तानपुरा घेऊन आल्या. दोन रजयांत गुंडाळून. विमान कंपनीने काय केलं देव जाणे (नाव घेत नाही), घरी येऊन उघडला तर भोपळ्याला वीतभर चीर. आख्ख्या इंग्लंडात तेव्हा हा भोपळा दुरुस्त करणारा कुठे शोधायचा? आक्कांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी सर्जिकल गॉज, लाकडाचा ग्लू आणि एक लांब चिमटा घेऊन बसल्या. आतून गॉजच्या पट्ट्या, थरावर थर, वरून क्रेप बँडेज, आणि चार दिवस "बेड रेस्ट". हे त्यांचेच शब्द. काही वर्षांनी पुन्हा मिरजेला नेला, जवारी काढायला, म्हणजे आवाज खुलावा म्हणून घोडी घासून घ्यायला, तेव्हा तिथल्या कारागिरांनी आत बॅटरी मारून बघितलं आणि हसून हसून बेजार झाले, पण पट्टी काढली नाही. म्हणाले, आवाज गोड आलाय, कशाला छेडायचं. ती पट्टी अजून आत आहे. आज कार्यक्रमानंतर ज्याला बघायची त्याने टॉर्च घेऊन बघा, फक्त लहान मुलांनी हात घालायचा नाही.

त्यांच्या नोकरीची बहुतेक वर्षं मॅटर्निटीत गेली. मराठी, हिंदी, थोडं कानडी, आणि वॉर्डात शिकलेलं गुजराती आणि पंजाबी. कळा देणाऱ्या बाईला स्वतःच्या भाषेत "झालं गं, अजून एकदाच" म्हणणारं कोणी असलं की काय फरक पडतो हे माझ्या बायकोला विचारा. आमची मोठी मुलगी आक्कांच्या हातची. या हॉलमध्ये अजून निदान पाचजण आहेत, त्यातले दोन तर आता टक्कल पडलेले आहेत. नंतर आयटीवाली तरुण जोडपी यायला लागली, त्यांना जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव कसं घालायचं, बाळाच्या तब्येतीच्या नोंदींचं रेड बुक म्हणजे काय, हे सगळं आक्काच सांगायच्या. गणपतीत प्रसादाच्या टेबलाशेजारी त्यांचं बीपीचं मशीन असायचं. आधी बीपी, मग मोदक. एका काकांना तिथूनच सरळ इमर्जन्सीत पाठवलं, काका आज पुढच्या रांगेत बसलेत, ठणठणीत.

खोटं कशाला बोलू, भांडायच्याही भरपूर. कराओके ट्रॅकवरून कमिटीत दोन वर्षं अबोला होता आणि त्यातला एक पक्ष मी होतो. आक्का मुलांना दर रविवारी गाणं शिकवायच्या, फुकट, पण पहिले सहा महिने नुसता सा. पालक कंटाळायचे, मुलं पळून जायची. मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं की इथल्या मुलांसाठी ते जरा जास्तच कडक होतं. वीस आली असतील तर चार टिकली. पण ती चार आज तुमच्यासमोर गाणार आहेत.

2020 मध्ये, कोव्हिडच्या वेळी, त्यांना परत वॉर्डात जायचं होतं, वयामुळे कोणी घेतलं नाही. मग मंडळाच्या यादीतल्या एकट्या राहणाऱ्या लोकांना रोज संध्याकाळी फोन. दर गुरुवारी आठ वाजता सगळी गल्ली दारात उभी राहून डॉक्टर-नर्सेससाठी टाळ्या वाजवायची, आक्का बाहेर यायच्या नाहीत. त्या वेळी त्या फोनवर असायच्या.

शेवटचे तीन आठवडे हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांना सांभाळतात तिथे, होत्या. आम्ही भेटायला गेलो तेव्हा मी मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप लावून उशाशी ठेवलं. त्या ॲपला त्या "डबा" म्हणायच्या, जन्मभर तिरस्कार. डोळे मिटलेले, बोलणं जवळजवळ बंद झालेलं, मला वाटलं झोपल्यात. पाच मिनिटांनी म्हणाल्या, "मध्यमात लावलायस. पंचमात कर." मी बघितलं, खरंच पहिली तार पंचमाऐवजी मध्यमावर होती. बदललं. मग बोट हलवून दाखवलं, आता ठीक.

घरच्यांनी तानपुरा मंडळाला दिलाय. तो स्टेजवर आहे, आणि तो लावायला त्यांची विद्यार्थिनी बसलीये, साडेचारपासून. हीटिंग आम्ही बंद केलंय, तेव्हा कोट काढू नका. चहा मागच्या टेबलावर आहे, बीपीचं मशीनही तिथेच ठेवलंय. कार्यक्रम अजून वीस मिनिटांनी चालू होईल, कदाचित पंचवीस.