तहानलेली खडी

इमारत पाडून झाली. उरलाय तो राडारोडा: फुटके स्लॅब, आडवे पडलेले कॉलम, त्यातून डोकावणाऱ्या वाकड्या सळया. बऱ्याचदा हे सगळं एखाद्या खड्ड्यात जाऊन पडतं. आणि नव्या खडीसाठी तिकडे डोंगराला सुरुंग लागतो.

काँक्रीटचा हा तुकडा जवळून बघा. याचा निम्म्याहून बराच जास्त भाग खडी आणि वाळूच आहे. सिमेंटनं त्यांना नुसतं धरून ठेवलंय. इमारत म्हातारी झाली, दगड नाही.

क्रशरच्या जबड्यात ढेकळं भरडली जातात. पट्ट्यावरचं चुंबक सळया खेचून घेतं, चाळण्या जाड-बारीक वेगळं करतात. खोट्या छतांच्या आणि पार्टिशनच्या पाट्यांतलं जिप्सम मात्र आत जाता कामा नये. त्यातलं सल्फेट पुढे काँक्रीट फुगवतं, तडे पाडतं. म्हणून ही छतं, पार्टिशन आधीच सोडवून घेतलेली बरी. सगळं एकदम कोसळल्यावर निवडत बसणं म्हणजे पिठातलं मीठ वेचणं.

रस्त्याच्या भरावाला ही खडी सहज चालते. नव्या काँक्रीटमध्ये मात्र ती नखरे करते, कारण तिला तहान फार. प्रत्येक खड्याला जुन्या सिमेंटचं सच्छिद्र कवच चिकटलेलं असतं. ते मिश्रणातलं पाणी पिऊन टाकतं आणि माल ओतायच्या आधीच आळू लागतो. साधा उपाय म्हणजे खडी आधी भिजवून घ्यायची. दुसरा जरा गमतीचा आहे: तिला कार्बन डायऑक्साइड पाजायचा. कवचातल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी तो संयोग पावतो, छिद्रांत कॅल्शियम कार्बोनेट साचतं आणि कवच घट्ट होतं.

पण हुरळून जाऊ नका. काँक्रीटचा खरा धूर सिमेंटचा. चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजावी लागते. इंधनाचा कार्बन वेगळा, चुनखडीतून सुटणारा वेगळा. जुनी खडी घातली आणि मजबुतीसाठी सिमेंट वाढवलं, तर डोंगर वाचेल, हवा नाही.

मग त्या जुन्या सिमेंटचंच काही करता येईल का? केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये एक वाट दाखवली. भंगार पोलाद वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीत, पोलादातला मळ काढणाऱ्या चुन्याऐवजी त्यांनी जुन्या सिमेंटची भुकटी टाकली. वर तरंगलेली धातुमळी झपाट्यानं थंड करून दळली, की तयार होतं पुन्हा सिमेंट.

आणि खाली त्याच भट्टीत वितळायला, चुंबकानं मघाशी खेचलेल्या या वाकड्या सळयाही चालतील.