रिकाम्या सॉकेटचं गणित

(लातूर इथल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, आणि रविवारची झोप मोडून आलेली मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय 'कोप्रोसेसरचा एमुलेटर आतून'. समोर बरेच जुने हार्डवेअरवाले दिसतायत, त्यामुळे मुळाक्षरं गिरवत नाही. ८०८७, म्हणजे गणितापुरती वेगळी चिप, कोप्रोसेसर, आला १९८० साली. तो शेजारी नसला तर ८०८६ या मुख्य प्रोसेसरला दशांश चिन्हाचा हिशेब स्वतःहून येत नसे, एवढं पुरे. माझं म्हणणं असं, की एमुलेटरला, म्हणजे त्या चिपचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रामला, आपण 'जुगाड' म्हणून हिणवलं, हा त्याच्यावर अन्याय आहे. जुगाड अंदाजपंचे चालतो. चांगला एमुलेटर दशांश हिशेबाच्या १९८५च्या आयईईई ७५४ नियमांवर बोट ठेवून शेवटच्या बिटापर्यंत राउंडिंग करायचा.

आता माझं दुखणं. माझं तेव्हा आरसीसी डिझाइनचं छोटं ऑफिस होतं. २८६ प्रोसेसरचा कॉम्प्युटर घेतला. नकाशे काढायचं तेव्हाचं डॉसवरचं ऑटोकॅड कोप्रोसेसर नसला की सुरूच व्हायचं नाही, म्हणून ८०२८७ही घेतला. बिलात वेगळी ओळ, वर विक्रीकर. मशीन आलं, ऑटोकॅड उघडलं, पेढे वाटले. पण रीजनरेट, म्हणजे चित्र पुन्हा काढायचा हुकूम, दिला की माणूस खाली जाऊन चहा पिऊन यायचा, तरी जिन्याच्या रेषा उमटतच असायच्या. (त्यात लोडशेडिंग. वीज गेली की जिना पहिल्या पायरीपासून.) विक्रेत्याला फोन केला तर, "चालायलंय ना सर? मग!"

शेवटी मशीन सुरू होताना आपोआप चालणारी ऑटोएक्झेक फाइल उघडली. तिच्यात एक अनोळखी ओळ, कसलासा प्रोग्राम मेमरीत बसवणारी. कव्हर काढलं. कोप्रोसेसरचं चाळीस पायांचं सॉकेट रिकामं, आत धूळ. विक्रेता आला, वाकून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "चिप गरम व्हायली होती सर, उन्हाळ्यापुरती काढून ठेवलीय." आपल्याकडे उन्हाळा लांबतो हे मान्य, पण तो अजून संपलेला नाही! पैसे परत आले नाहीत, दिवाळीला त्यांचं कॅलेंडर मात्र आलं.

इंटेलही काही कमी नव्हती म्हणा. १९९१चा ४८६एसएक्स प्रोसेसर आठवा: गणिताचा विभाग बंद करून विकलेला. वर ४८७एसएक्स घ्यायचा, तर तो अख्खा ४८६च. बसला की जुन्याला गप्प करणारा.

संयोजकांची चिठ्ठी आली, 'पाच मिनिटं'. बरं, पळतो.

ऑटोकॅड फसलं कसं? चिप आहे का हे पाहायची रीत ठरलेली: एफएन-इनिट ही चिप नव्याने सुरू करणारी सूचना द्यायची, मग कंट्रोल वर्ड, म्हणजे चिपची मांडणी सांगणारा आकडा, मेमरीत लिहायला सांगायचा. काही उमटलंच नाही तर चिप नाही. पण २८६मध्ये 'ईएम' नावाचा एक बिट आहे. तो चालू केला, की डी८ ते डीएफने सुरू होणारी, म्हणजे कोप्रोसेसरची, प्रत्येक सूचना प्रोसेसर चालवायची सोडून एक्सेप्शन ७ देतो, म्हणजे काम थांबवून ठरलेल्या जागच्या प्रोग्रामकडे जातो. तिथे एमुलेटर बसलेला, ऑटोएक्झेकमधल्या त्या ओळीने बसवलेला. तो स्टॅकवरून, म्हणजे मेमरीतल्या परतीच्या नोंदींवरून, सूचनेचा पत्ता काढतो, बाइट वाचतो, सांगितल्या जागी चिपने लिहिला असता तोच आकडा, ०३७एफ, लिहितो, परतीचा पत्ता पुढे सरकवतो आणि निघतो. प्रोग्रामला पत्ता नाही.

गुणाकाराला मात्र घाम फुटतो. कोप्रोसेसरचे आठही रजिस्टर ८० बिटांचे, त्यातले ६४ बिट अंकांचे. २८६ एका वेळी १६ बिट गुणणार. म्हणजे एका गुणाकाराला १६ छोटे गुणाकार, मग बेरजा, हातचे, सरकवणं, राउंडिंग. माझा जिना अडायचा तो इथे.

८०८६मध्ये हा बिटच नव्हता. तिथे कंपायलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारे, मूळ सूचनेच्या ९बी डी८ या दोन बाइटांच्या जागी सीडी ३४ लिहायचे, म्हणजे इंटरप्ट: काम थांबवून एमुलेटरला हाक. आणि मायक्रोसॉफ्टच्या एमुलेटरची खुबी अशी, की चालताना खरी चिप सापडली तर इंटरप्ट हाताळणारा कोडच ते दोन बाइट पुसून मूळ सूचना परत लिहायचा. पुढच्या फेरीपासून काम थेट चिपकडे. याला जुगाड म्हणणाऱ्याने असा कोड एकदा लिहून दाखवावा!

पुढे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बिल मेट्झेनथेन यांचा एमुलेटर आला. कोप्रोसेसर नसलेल्या ३८६वर तेच प्रोग्राम न बदलता चालायचे. साइन-कोसाइन कसे काढायचे ते राहिलंच. ज्यांना ऐकायचंय त्यांनी जेवताना माझ्या पंगतीला बसा.