मधुमेहींचा मोतीबिंदू आणि मागचा पडदा

‘डॉक्टर, मोतीबिंदू काढला की दिसेल ना?’ मधुमेही पेशंट समोर बसला की हा प्रश्न येतोच. नुसत्या मोतीबिंदूचा मामला असता तर मी लगेच हो म्हटलं असतं. पण खिडकीची काच पुसली तरी मागची भिंत खचलेली असेल तर काय करायचं?

डोळ्याच्या पोकळीत जेमतेम चार मिलिलिटर पारदर्शक गर असतो. मधुमेहात त्यामागच्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला, प्राणवायू कमी पडतो, म्हणून त्यावर नव्या रक्तवाहिन्या उगवतात. त्या फार नाजूक असतात. त्या फुटल्या की गरात रक्त उतरतं, पुढे जाळं धरतं आणि ते जाळं पडदा ओढू लागतं. हा गर बंद डोळ्यातून, बारीक छिद्रांवाटे काढायची वाट 1970 साली मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी दाखवली. मोतीबिंदू ध्वनिलहरींनी फोडण्याचं चार्ल्स केलमन यांचं तंत्र त्याआधी तीन वर्षांचं. आज आम्ही ही दोन्ही कामं एकाच बैठकीत करतो: आधी फेको, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू काढणं, मग अर्ध्या मिलिमीटरच्या तीन छिद्रांतून गर आणि जाळं काढणं, लेझर, आणि पडदा जागेवर राहावा म्हणून गरजेप्रमाणे गॅस किंवा सिलिकॉन तेल भरणं.

एकत्र का? मोतीबिंदू दाट असेल तर मला मागचं नीट दिसतच नाही. शिवाय गर काढल्यावर पन्नाशीपुढच्या बऱ्याच जणांचा मोतीबिंदू वाढतो, आणि मागचा आधार गेल्यावर ते ऑपरेशन जास्त अवघड होतं. पेशंटची एक फेरी, एक भूल वाचते, हेही माझ्या लेखी मोठं आहे.

तरीही सरसकट सगळ्यांना मी हे सुचवत नाही. चाळिशीतल्या माणसाची डोळ्यातली मूळ लेन्स स्वच्छ असेल तर ती मी राहू देतो. बुबुळावरच नव्या वाहिन्या आल्या असतील तर जास्तच जपून, कारण एकत्र ऑपरेशननंतर सूज येते, बुबुळ लेन्सला चिकटतं, काचबिंदूही होऊ शकतो. पडद्याच्या मध्यबिंदूला सूज असेल तर बसवायच्या कृत्रिम लेन्सचा नंबर चुकण्याची शक्यता असते. रक्तामुळे पडदा दिसतच नसेल तर आधी सोनोग्राफी करावी लागते.

एका गोष्टीवर मी हट्टाने बोलतो. ऑपरेशनच्या काही दिवस आधी वाहिन्या आकसवणारं इंजेक्शन देतात. ‘घरचं लग्न उरकून येतो’ म्हणून त्यानंतर तारीख पुढे ढकलू नका. वाहिन्या आकसतात तसं जाळंही आकसतं, आणि पडदा जास्त ओढला जातो. मग माझ्या हातात फार कमी उरतं.

डोळ्यात गॅस भरला असेल तर तो विरेपर्यंत विमानप्रवास नाही, महाबळेश्वरसारख्या उंच जागी जायचं तेही विचारूनच. उंचीवर गॅस फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो.

आणि ज्या डोळ्याला आज सगळं नीट दिसतंय, त्याची बाहुली औषधाने मोठी करून तोही पडदा तपासून घ्या. तिकडे नव्या वाहिन्या सुरू होत असतील, तर लेझरवर भागू शकतं.