दाहलेममधला प्रबंध

बर्लिनच्या दाहलेम उपनगरातली ही इमारत. आज इथे राज्यशास्त्राचे विद्यार्थी ये-जा करतात. १९२७ साली मात्र मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था इथे सुरू झाली. पुढच्याच वर्षी बर्लिनला आल्या इरावती कर्वे.

बी.ए. फर्ग्युसनमधून, एम.ए. मुंबईला डॉ. घुर्यांकडे. पती दिनकर कर्वे जर्मनीतूनच रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेले. सासरे महर्षी कर्वे. स्त्रीशिक्षणासाठी उभं आयुष्य वेचलेला हा माणूस, पण सुनेनं परदेशी शिकायला जाणं त्यांनाही पसंत नव्हतं. तरी इरावतीबाई गेल्या.

आता प्रबंध लिहायचा होता जर्मनमध्ये. भाजी-भाकरीपुरती भाषा ऐकून-बोलून येते. प्रबंधाचं तसं नाही. ‘असं दिसतं’, ‘असं सिद्ध होतं’ आणि ‘एवढ्यावरून असं म्हणता येत नाही’ यांतला फरक परक्या भाषेत काटेकोर सांभाळावा लागतो. आजही जर्मन माध्यमातून पदवी घ्यायची, तर बहुतेक विद्यापीठं आधी टेस्टडाफ किंवा डीएसएचसारखी भाषेची परीक्षा मागतात, ती याचसाठी.

इरावतीबाईंना हे सगळं सांभाळायचं होतं प्राध्यापक ऑयगेन फिशर यांच्यापुढे. ते त्यांचे मार्गदर्शक आणि संस्थेचे संचालक. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीची डावी-उजवी बाजू इतरांपेक्षा जास्त असमान असते आणि त्यांच्या तर्कबुद्धीचं मूळ त्यातच आहे, असं फिशर यांचं गृहीतक होतं. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांतल्या काही आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून आणलेल्या होत्या. त्या कुणाच्या, कशा आणल्या, हा प्रश्न आज विचारलाच पाहिजे. मोजमापांतून निघालेला निष्कर्ष सरळ होता: असमानता आहे, पण वंशाशी तिचा संबंध नाही.

गुरूचं म्हणणं खोडायचं, तेही गुरूच्याच मातृभाषेत! वाक्यरचना जरा डळमळली असती, तर ‘बाईंना जर्मन नीट येत नाही’ म्हणून निष्कर्ष बाजूला सारणं किती सोपं होतं. मला या प्रबंधाचं मोल वाटतं ते इथे.

पदवी मिळाली. इरावतीबाई मायदेशी परतल्या. १९३३ साली फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले आणि नाझींच्या वंशशुद्धीच्या धोरणाला शास्त्राचा आधार पुरवू लागले. इरावतीबाईंचा प्रबंध तोवर छापून झाला होता, १९३१ साली, जर्मनमध्येच.