लिंबाच्या बागेतली खंडणी

नमस्कार श्रोतेहो. अकोला-अमरावतीकडच्या लिंबू बागायतदारांनी आज जरा कान देऊन ऐकावं. गोष्ट मेक्सिकोची आहे, पण पीक आपलंच आहे. तिथल्या मिचोआकान राज्यात, आपात्सिंगानच्या खोऱ्यात जे लिंबू पिकतं, ते आपलं कागदी लिंबू. तीच पातळ साल, तोच रस.

अमली पदार्थांच्या टोळ्या लढतात, गुंड गुंडाला मारतो, त्यात शेतकऱ्याचं काय जातं, असं वाटतं ना? या टोळ्या रस्त्यांसाठी, बंदरासाठी, गावांवरच्या ताब्यासाठी लढतात. लढायचं तर बंदुका हव्यात, पोरं हवीत, म्हणजे पैसा हवा. मग अमली मालाच्या जोडीला लिंबाच्या प्रत्येक किलोवर खंडणी बसते. एका टोळीनं दुसरीला हुसकावलं, की वसुलीला नवी माणसं येतात. खंडणी चालूच राहते. अलीकडं तर तिथं वाटांवर, वावरांत भूसुरुंग पेरले जातात. तोडणीला जाणाऱ्या मजुरानं पाय तरी कुठं ठेवावा?

२००६ च्या डिसेंबरात सरकारनं तिथं सैन्य उतरवलं. पुढं म्होरके पकडले गेले, टोळ्या फुटल्या आणि फुटलेले गट एकमेकांच्या जिवावर उठले. देशभरात बेपत्ता माणसांची नोंद २०२२ मध्ये एक लाखावर गेली. तिथल्या आया लोखंडी सळई जमिनीत ठोकतात, उपसतात आणि टोकाचा वास घेतात. लेकरू इथं पुरलं असेल का, हे कळावं म्हणून. कोणत्याच आईच्या वाट्याला हे येऊ नये.

इपोलितो मोरा हा ला रुआना गावचा लिंबू शेतकरी. २०१३ मध्ये त्यानं गावकऱ्यांना घेऊन टोळीविरुद्ध हत्यार उचललं. माझ्या मते त्याचा राग रास्त होता. पण अशा काही गावदलांतही पुढं टोळ्यांचीच माणसं शिरली. मोराला २०२३ मध्ये ठार केलं. लिंबू उत्पादक संघाचे अध्यक्ष बर्नार्दो ब्राव्हो खंडणीविरुद्ध उघड बोलत होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचाही खून झाला.

आपल्याकडं अशी स्थिती नाही, आणि उगाच भीती घालायला मी बसलेलो नाही. पण २०१८ मध्ये नागभीडजवळ अवैध दारूच्या गाडीनं एका पोलिस अधिकाऱ्याला चिरडलं, ते विसरून चालणार नाही. ओडिशा-आंध्राकडून येणारा गांजाही आपल्याच रस्त्यांनी, रेल्वेनं पुढं जातो. तो पोचवायला कुणीतरी गावातलं बेकार पोरगं हेरतो. एक खेप, हातात रोख पैसे. अशा पोराला फक्त शिव्या घालून हाकलू नका. त्याच्या घरच्यांशी बोला, त्याला कामाला लावा. आणि माल विकणारा ठाऊक असेल, तर १९३३ या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा. आपलं नाव न सांगताही माहिती देता येते.