एका निगेटिव्हच्या तीन संध्याकाळी

नोव्हेंबर 2010. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये स्टिग्लिट्झ, स्टायकेन आणि स्ट्रँड या तिघा फोटोग्राफरांचं प्रदर्शन सुरू झालं. त्यात एडवर्ड स्टायकेनच्या ‘द फ्लॅटआयर्न’ या फोटोच्या तीन मोठ्या प्रिंट मांडल्या होत्या.

पुढे आडवी गेलेली निष्पर्ण फांदी. ओला रस्ता. उंच टोप्यांतले बग्गीवाले. आणि मागे, 1902 साली बांधून झालेली न्यूयॉर्कची ती निमुळती फ्लॅटआयर्न इमारत, जिचा माथा चौकटीत मावतच नाही. निगेटिव्ह 1904चं, एकच. पण एका प्रिंटमध्ये सांज निळसर-हिरवी आहे, तर दुसरीत मातकट.

हे रंग कॅमेऱ्यातून आलेले नाहीत. स्टायकेन आधी प्लॅटिनम प्रिंट, म्हणजे प्लॅटिनमच्या कणांनी उमटलेली प्रिंट, काढायचा. मग डिंक, रंग आणि पोटॅशियम बायक्रोमेट हा प्रकाशाला संवेदनशील क्षार यांचं मिश्रण तिच्यावर फासायचा. निगेटिव्हमधून ऊन लागेल तिथे डिंक घट्ट धरतो, उरलेला पाण्यात निघून जातो. मग हवा तर आणखी एक थर. त्यामुळे एकीसारखी दुसरी प्रिंट होणंच शक्य नव्हतं.

1906मध्ये ‘कॅमेरा वर्क’ या नियतकालिकात हे चित्र रंगीत छापून आलं. वाचकांपर्यंत पोचली ती अर्थात एकच संध्याकाळ.

तिन्ही प्रिंट एकत्र राहिल्या त्या आल्फ्रेड स्टिग्लिट्झमुळे. फोटोग्राफीला कलेचा मान मिळावा म्हणून हा माणूस आयुष्यभर भांडला. न्यूयॉर्कमध्ये 1905 साली त्याने आणि स्टायकेनने त्यासाठी स्वतःची गॅलरी काढली. पुढे 1933मध्ये त्याने आपल्या संग्रहातले 400हून अधिक फोटो म्युझियमला दिले, त्यांत या तीन होत्या. मला हे दान त्याच्या स्वतःच्या कित्येक फोटोंपेक्षा मोठं वाटतं. सुट्या विकल्या गेल्या असत्या, तर आज तीन शहरांत तीन वेगवेगळे ‘फ्लॅटआयर्न’ असते आणि स्टायकेन नेमकं काय शोधत होता ते कळलंच नसतं.

या तिघींखेरीज खासगी हातांत राहिलेली एक प्रिंट नोव्हेंबर 2022मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात निघाली. ती 1 कोटी 18 लाख डॉलरना गेली. अंदाज होता 20 ते 30 लाखांचा.

म्युझियमच्या संकेतस्थळावर तिन्ही प्रिंट पाहता येतात. तीन खिडक्या उघडा, शेजारी शेजारी ठेवा, आणि आधी फक्त आकाशाकडे बघा.